पहिलं नको मोजायचं नाही

७ जानेवारी

आज पुन्हा स्क्रू पडला! तिळाएवढा स्क्रू, आणि तो शोधायला आम्ही दोघं टेबलाखाली रांगतोय. गिऱ्हाईक वरून विचारतंय, "काकू, काय हरवलं?" ह्यांची बोटं हरवली — असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

हे म्हणतात थंडी. थंडी काय एकट्या ह्यांनाच वाजते? माझ्या हातून नाही काही पडत. उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट — ज्या चिमटीवर अख्खं आयुष्य मोबाईल उघडले, तीच ढिली पडलीय. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर "नको गं, जाईल आपोआप."

स्क्रू शेवटी मीच शोधला. माझ्याच चपलेत होता.

१३ जानेवारी

दुकानात मजा. एक बाई नुसतं चार्जिंगचं भोक साफ करून घ्यायला आल्या. काच लावून देऊ? नको. कव्हर आलंय नवीन, हातातून निसटत नाही, घेऊ नका, नुसतं धरून तर बघा. धरलं. घेतलं! वर बोटात अडकवायची रिंगही घेतली. हे आतल्या टेबलावरून, डोळ्याला भिंग तसंच ठेवून, माझ्याकडे बघून हसत होते.

मामंजींची शिकवण ही. ह्याच जागेत त्यांचं रेडिओचं दुकान होतं. नवी नवरी मी, आणि त्यांनी मला सरळ काउंटरवर उभं केलं. म्हणाले, "सूनबाई, पहिलं नको गिऱ्हाइकाचं असतं, ते मोजायचं नाही. पुन्हा एकदा विचारायचं. दुसरं नको माणसाचं असतं. ते आलं की हात मागे. मग कितीही वाटलं तरी माल पुढे करायचा नाही."

दुकानाचा हा एकच कायदा. मी तो घरातही लावला, कारण मामंजींचे चिरंजीव म्हणजे पहिल्या नकोचा कारखाना! फ्रिज नको. चष्मा नको. लेकीला लांब शिकायला धाडायचं नको. मलासुद्धा आधी नकोच म्हणाले होते म्हणे, आणि घरच्यांनी पुन्हा विचारल्यावर कानाच्या पाळ्या लाल! ह्यांचं दुसरं नको मी एकदाच ऐकलंय — दुकान विकायचा विषय निघाला तेव्हा. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

१ फेब्रुवारी

डॉक्टरकडे गेलो एकदाचे. ह्यांचं पहिलं नको अर्थातच मोजलं नाही. डॉक्टरांनी मूठ वळायला लावली, कोपर वाकवायला लावलं, मग जीभ बाहेर काढायला लावली. जीभ बघताना त्यांचा चेहरा बदलला. दुखणं हाताचं, जीभ कशाला बघतात? मोठ्या हॉस्पिटलात नसांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे पाठवलंय.

२१ फेब्रुवारी

लिहवत नाही.

२२ फेब्रुवारी

लिहिते. नाहीतर डोकं फुटेल.

नसा स्नायूंना निरोप पोचवायच्या बंद होतात. एकेक करून. हात, मग जीभ, घसा, पाय, आणि शेवटी श्वासाचे स्नायू. डोकं शाबूत राहतं. डोळे, कान राहतात. बरं करणारं औषध नाही. डॉक्टरीणबाईंनी गोड बोलून खोटं सांगितलं नाही, एवढे त्यांचे उपकार. "तुमच्यात वेग जरा जास्त दिसतोय," म्हणाल्या. वेग! जणू हे कुठे पोचायचेत आणि लवकर पोचणार आहेत.

येताना हे रस्त्यात म्हणाले, "म्हणजे डिस्प्ले जाणार, मदरबोर्ड चालू." आणि हसले! मला असा राग आला! तिथेच भांडले, भर सिग्नलला. माणसं माना वळवून बघत होती. बघेनात का. घरी आल्यावर तेच आठवून मला हसू फुटलं, आणि ते हसू कुठे रडण्यात मिसळलं कळलंच नाही. हे माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. डावा. उजवा नुसताच मांडीवर पडला होता.

११ मार्च

बोट स्क्रीनवर टेकतं, पण उचलेपर्यंत तीन भलतीच ॲप उघडलेली असतात. काल लेकीऐवजी शटरवाल्याला फोन लागला, आणि हे त्याला "राणी, जेवलीस का?" विचारून मोकळे. तो बिचारा म्हणाला, "हो, जेवलो."

मी दुकानातून ओटीजीची वायर आणली. एक टोक मोबाईलमध्ये, दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरचा साधा माऊस. "नको! वेडी का तू! मोबाईलला माऊस? लोक हसतील." पुन्हा विचारलं, तेव्हा "लाव एकदाचा" म्हणाले. लावला. स्क्रीनवर टिचभर बाण उमटला आणि हे बघतच राहिले. हे स्वतः मोबाईलचे वैद्य, पण स्वतःच्या मोबाईलला कधी साधं कव्हर घातलं नव्हतं! मान वळणारा स्टँड पलंगाच्या कडेला कसला. आता तळहातानं माऊस ढकलायचा आणि मनगटानं टिचकी मारायची. संध्याकाळपर्यंत शिट्टी वाजवत बसले होते.

तो स्टँड काउंटरवर धूळ खात पडला होता. कुणी घेईना म्हणून मी त्याला रोज शिव्या घालायची. उद्या पुसून माफी मागते त्याची.

५ एप्रिल

जीभ जड झालीय. "काच" म्हणतात ते "काश" ऐकू येतं. हॉस्पिटलात बोलण्याचे व्यायाम करून घेणारी एक मुलगी आहे, मी तिला स्पीचवाली म्हणते. तिनं सुचवलं, आवाज आहे तोवर लागतील ती वाक्यं भरून ठेवा. पुढे बोलणं थांबलं की मोबाईल ह्यांच्याच आवाजात बोलेल.

"नको. गेलेल्या माणसासारखं वाटतं."

मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तेव्हा मान हलली. कॉलरला लावायचा छोटा माइक आणला, वायर मोबाईलमध्ये. शटर ओढून घेतलं, पंखा बंद केला, स्पीचवालीही आली होती. उशी वर कर. पाठ खाजव. बातम्या बंद कर, डोकं उठलं. अगं ए! — हे तर इतक्या झोकात म्हणाले की मी खरंच "काय?" म्हणाले. मग म्हणाले, "अगं, तू चहा घे."

मी म्हटलं, हे कशाला? मला चहा प्यायला तुमची परवानगी लागते?

"तू सगळ्यांना देत बसतेस, तुझा गार होतो. राहू दे ते."

हो भरून झालं. मग नकोची पाळी. मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी समोरून मामंजींसारखे गाल फुगवले, बोट वर केलं — "सूनबाई, मोजायचं नाही!" — आणि ह्यांना फस्सकन हसू आलं. नको म्हणता म्हणताच हसले. स्पीचवाली म्हणाली, "काका, पुन्हा घेऊ या, नीट." पण जीभ थकली होती. "राहू दे," म्हणाले, "माझं नको असंच असतं." मग पुन्हा घेतलं नाही.

२४ मे

आतल्या टेबलावर चादर घातली. चिमटे, भिंग, पंख्याएवढ्या आवाजाची ती सोल्डरची गन, सगळं त्याखाली. दुरुस्तीचा बोर्ड उतरवला. मी कव्हरं विकते, अर्धा दिवस, मग घरी पळते.

ह्यांचा आवाज गेल्या आठवड्यात गेला. गेला म्हणजे हुंकार आहे, शब्द नाही. भरलेली वाक्यं आता मोबाईल म्हणतो. आज त्यातून पहिल्यांदा "अगं ए!" आलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. हातातलं भांडं खाली ठेवलं आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. ह्यांनी दुसऱ्यांदा लावलं, तिसऱ्यांदा लावलं. मग मी गेले.

१२ जून

तळहातही संपला. माऊस परत डब्यात.

आता बशीएवढं एक बटण आहे. वायरनं मोबाईलला जोडलेलं, गालाशी येईल असं दुसऱ्या स्टँडवर. स्क्रीनवरचे चौकोन, भरलेल्या वाक्यांचे आणि अक्षरांचे, आपोआप एकेक उजळत जातात. हवा तो उजळला की गालानं बटण दाबायचं. कुणाला सांगितलं तर वाटेल सोपं आहे. चौकोन निसटला की पुन्हा सगळी फेरी बघत बसायचं. मला तर दहाव्या मिनिटाला तो मोबाईल भिंतीवर फेकावासा वाटला. हे शांत. तिळाएवढ्या स्क्रूंवर आयुष्य काढलेला माणूस.

मोबाईलच्या एका भोकाला आता एकाची चार भोकं करणारा डबा, त्यातून बटणाची वायर, स्पीकरची वायर, पॉवर बँकेची वायर. ह्यांनी बराच वेळ लावून लिहिलं: "फोन आयसीयूत आहे." मी पोट धरून हसले. ह्यांचे डोळे हसत होते. वाईट दिवस नव्हता आजचा.

१ जुलै

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी खुर्ची ह्यांच्या समोर ओढली. माझ्याकडे पाठच केली जवळजवळ. म्हणाल्या, श्वासाची ताकद कमी होतेय. एक दिवस पुरणार नाही. तेव्हा गळ्याला छिद्र पाडून नळी घालता येते, श्वास यंत्र देतं. माणूस जगतो, कदाचित वर्षंही. पण आजार थांबत नाही, तो पुढे जातच राहतो. हवं की नको, हे आत्ता शांतपणे ठरवायचं, धावपळीत नाही. "आणि लावलेलं यंत्र काढता येतच नाही असं नाही. त्यांनी स्वतः, शुद्धीवर, स्पष्ट सांगितलं तर झोपेचं औषध देऊन, त्रास न होता काढतात. पण सांगायचं त्यांनीच."

मग ह्यांना विचारलं, "तुम्हाला हवंय?"

चौकोन उजळत गेले. उशी. पाठ. चहा. हो. मी पुढे झुकले. हो निघून गेलं. ह्यांचा गाल हलला.

"नको!"

तेच हसरं नको. कॉलरच्या माइकातलं. खोलीत ते असं खिदळत आलं की डॉक्टरीणबाईसुद्धा दचकल्या. "मोठा निर्णय आहे," म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी परत विचारेन. हेच सांगितलंत तर तसं पक्कं लिहून ठेवू."

गाडीत मी म्हटलं, बरं झालं, पहिलंच होतं. हे खिडकीबाहेर बघत राहिले. मान वळत नाही म्हणून असेल.

२ जुलै

मोजलेलं नाही.

२८ जुलै

डॉक्टरीणबाईंची तारीख होती आज. गेलो नाही. दुकानाचं शटर मध्येच अडकून बसलं, शटरवाला यायचा होता, त्याला सोडून जाणार कशी? फोन करून तारीख पुढची घेतली. हे सकाळपासून चांगले कपडे घालून बसले होते. म्हणजे मीच घातले होते. मग मीच काढले.

शटर तसं अकरालाच दुरुस्त झालं. असो.

१६ ऑगस्ट

गाल आता फार हळू चालतो. ह्यांची चार अक्षरं होईपर्यंत माझी भाजी चिरून होते. दुपारी असेच लिहायला लागले. म. मी गंमत केली, "मला शिव्या देताय?" मशी. मशीन. मग एक रिकामा चौकोन. मग पु.

मी उठले. "अहो, चार्जिंग संपत आलंय," म्हटलं, आणि सगळ्या वायरी उपटून मोबाईल आतल्या खोलीत नेला. पॉवर बँक तिथेच स्टँडला लटकत होती, चारही दिवे लागलेले. मी बघितली. ह्यांनीही बघितली.

तासाभरानं मोबाईल परत जोडला. बटण गालाशी नेलं. हे डोळे मिटून पडले होते. झोपले असतील म्हणावं तर पापण्या थरथरत होत्या.

उद्याची तारीखही पुढे ढकललीय.

१७ ऑगस्ट

दुसऱ्यांदा विचारूच दिलं नाही, तर दुसरं नको येतच नाही. इतकं सोपं आहे. मी काउंटरवरची बाई आहे, हे मला शिकवायला नको.

४ सप्टेंबर

परवा सकाळी झालं ते. आंघोळ घालत होते. ओठ निळे. छाती हलेना. मी ओरडत जिन्यात गेले, शेजारच्यांनी गाडी बोलावली, साबण तसाच अंगावर.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई नव्हत्या. ड्यूटीवरचा डॉक्टर, लेकीच्या वयाचा. "नळी घालायची का? आत्ता सांगा. त्यांच्याशी आधी काही बोलणं झालंय?"

मी म्हटलं, "नको म्हणाले होते. पण ते पहिलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मोजायचं नाही! परत विचारायचं राहून गेलं. घाला. घाला म्हणते ना!"

राहून गेलं. असं म्हणाले मी. जीभ झडली नाही माझी.

आधी तोंडातून नळी, आणि आज गळ्याला छिद्र. शुद्धीवर आले. डोळे उघडून आधी छताकडे बघितलं, मग यंत्राकडे, मग माझ्याकडे. मी हसले. काय करणार दुसरं?

९ ऑक्टोबर

घरी आणलं. पुढच्या खोलीत पलंग, पलंगाशी यंत्र. फुस्स — थांबणं — फुस्स. घरातलं सगळं आता त्या तालावर चालतं. मी पायऱ्यासुद्धा तशाच चढते. लेक रजा घेऊन आलीय. नर्सनं आम्हा दोघींना नळीतला कफ ओढायला शिकवलं. ओढताना ह्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. नर्स म्हणाली, ते आपोआप येतं, मनावर घेऊ नका.

गाल गेला. आता उरल्या पापण्या. चष्म्याच्या दांडीला लावायची एक डोळी मिळते, करंगळीच्या नखाएवढी. पापणी जरा जास्त वेळ मिटली की तिला कळतं आणि मोबाईलला वाटतं बटण दाबलं. मागवली. मी स्वतः बसवली, मामंजींच्या चिमट्यानं. चौकोन उजळायला लागले. "अहो, बोला काहीतरी! शिव्या द्या हवं तर."

चौकोन फिरत राहिले.

१५ ऑक्टोबर

डोळीचा कोन बदलला. वायर बदलली. डबा बदलला. काही नाही. खराब माल दिलाय. दुसरी मागवली.

२ नोव्हेंबर

नवी डोळीही तशीच. शेवटी स्पीचवालीला घरी बोलावलं. तिनं चष्मा जरासुद्धा हलवला नाही. नुसती समोर बसली.

"काका, माझा आवाज येतोय?"

"हो." — मोबाईलमधून! ह्यांच्या आवाजात! मी दारातच थिजले.

"उशी ठीक आहे?"

"उशी वर कर."

तिनं केली. इकडचं तिकडचं विचारलं. सगळ्याची उत्तरं आली, सावकाश पण बिनचूक. मग तिनं जुनी डोळी लावून बघितली. तीही चालली. वायरी गुंडाळत खाली मान घालून म्हणाली, "काकू, दोन्ही चांगल्या आहेत."

ती गेली आणि माझा तोल गेला. म्हणजे महिनाभर मला मूर्ख बनवलंत! मी कफ ओढते, कुशी बदलते, रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून बसते, आणि माझ्याशीच रुसवा? वाईट काय केलं मी? जीव वाचवला! कुणी दुसरी असती तर — बरंच बोलले. ह्यांनी डोळे मिटले. उठून जाता येत नाही, पाठ फिरवता येत नाही, तेवढंच करता येतं. फुस्स — थांबणं — फुस्स. एकट्यानं भांडता येत नाही. मी दमून खाली बसले.

लेकीनं मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. "आई, बाबा नको म्हणाले होते ना?"

"पहिलं होतं ते."

"मग दुसऱ्यांदा विचारलंस?"

माझी लेक. तिला काउंटरवर मीच उभी करायची, शाळेतून आली की.

२० नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. मी तारखा का ढकलल्या ते विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बाहेर, जिन्यात, हळू सांगितलं: पापण्याही जड होत चालल्यात. ह्या आजारात डोळे सहसा शेवटपर्यंत राहतात, पण ह्यांचे राहतीलच असं नाही. "एकदा तेही गेलं की ते आत असतील, सगळं ऐकत असतील, आणि आपल्याला काही सांगू शकणार नाहीत. मग कुठलीही वायर उपयोगाची नाही. त्यांना काही सांगायचं असेल तर वेळ आत्ताची आहे. मी कधीही येईन."

मी हो हो म्हटलं. चहा विचारला. नको म्हणाल्या. दुसऱ्यांदा विचारला. घेतला.

५ डिसेंबर

आज माझ्याशी बोलले. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

मी पाय चोळत होते. चौकोनांकडे लक्ष नव्हतं माझं, सवयच मोडलीय. एक अक्षर आलं, मग पापणीला दम नाही, मग बराच वेळ काही नाही. दोन्ही पाय झाले, हात झाले, कूस बदलून झाली, तरी लिहीतच होते. शेवटी स्क्रीनवर दोन शब्द:

"दुसऱ्यांदा विचार."

मी म्हटलं, "काय विचारू? चहाचं?" आणि हसले. निर्लज्जासारखी हसले. ह्यांनी डोळे मिटले नाहीत. बघत राहिले. रुसवा नव्हता त्या बघण्यात, तोच मला हवा होता. लेक दारात उभी होती.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

मला हे हवेत! यंत्रासकट, नळीसकट, रुसलेले, डोळे मिटलेले, न बोलणारे, कसेही. सकाळी उठून मला त्यांना शिव्या घालायच्यात. स्टँड, माऊस, माइक, बटण — प्रत्येक वेळी नको म्हणाले आणि प्रत्येक वेळी माझंच खरं निघालं. मग हेही एक आणखी जोडलं, त्यात एवढं काय? असंच म्हणत होते मी मनाशी. पण त्या सगळ्या वस्तूंच्या वेळी मी पुन्हा विचारलं होतं. ह्या एकाच वेळी विचारलं नाही. कारण उत्तर मला ठाऊक होतं. साध्या कव्हराच्या गिऱ्हाइकाला मी दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय सोडलं नाही, आणि घरच्या माणसाला त्याचं दुसरं नको म्हणू दिलं नाही.

९ डिसेंबर

स्पीकरवरची धूळ पुसली. पॉवर बँक भरली. डॉक्टरीणबाईंना फोन केला.

१२ डिसेंबर

विचारलं. मीच. डॉक्टरीणबाई, लेक, स्पीचवाली, सगळ्यांसमोर, मोठ्यानं, एकही शब्द न गिळता. "अहो, हे यंत्र हवंय तुम्हाला?"

हो उजळलं, निघून गेलं.

"नको!"

तेच. हसरं.

हात मागे घेतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोमवारी काढू.

मी पलंगाशी बसून राहिले. चौकोन फिरतच होते. "अगं, तू चहा घे." मी नको म्हटलं. पुन्हा आलं — "अगं, तू चहा घे."

घेतला.